आर्डिसचा मूस आणि डेलमरचं काडतूस

आर्डिसने डेलमर स्टॉकेला पहिल्यांदा पाहिलं ते विलो फोर्क गावच्या लुथरन चर्चच्या तळघरात, नोव्हेंबरातल्या मासळीच्या जेवणाला. ती वाढपी होती, तो जेवणारा. म्हणजे तशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो जेवत नव्हता, वाटाणे निवडत होता. ताटाच्या कडेला त्याने तीन ढीग केले होते: एक गोल वाटाण्यांचा, एक बऱ्यापैकी वाटाण्यांचा, आणि एक अशा वाटाण्यांचा की ज्यांनी शेंगेत असतानाच थोडा विचार करायला हवा होता. आर्डिस आजही शपथेवर सांगते की तेवढ्या वेळात पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तिसरी ढेकर देऊन घरी गेली, पाद्रीबुवांच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि दुसऱ्याशी ठरलं, बाहेरच्या गाड्या बर्फाखाली दिसेनाशा झाल्या, आणि तिच्या हातातली कॉफी सात वेळा गार होऊन सात वेळा तापवून आली. शेवटी तिने विचारलं, "वाटाण्यांत काही खोट आहे का हो?"

"खोट नाही," तो मान वर न करता म्हणाला. "एकसारखेपणा नाही."

ती हसली. आयुष्यात आपलं चुकलं ते तेवढंच, असं तिचं म्हणणं आहे. माणूस गमतीने बोलतोय असं तिला वाटलं होतं. डेलमर गमतीने कधीच काही बोलला नव्हता, हे कळेपर्यंत तिचं आडनाव स्टॉके झालेलं होतं.

डेलमरची नोकरी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्याची. त्याच्या हातून निघालेली बस घड्याळासारखी चालायची, फक्त तीन दिवस उशिरा निघायची. त्यामुळे गावातल्या मुलांना तो देवमाणूस वाटे आणि मुख्याध्यापकांना तसा वाटत नसे. पण बसगाड्या हे झालं पोटापाण्याचं. त्याचा जीव होता घराच्या मागच्या खोलीत. ही खोली आर्डिसच्या शिवणकामासाठी बांधली होती. शिवणयंत्र तिथे सात महिने राहिलं, मग ते जिन्याखाली गेलं आणि खोलीत डेलमरची काडतुसं आली.

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तो फेकत नसे. ती घासून लख्ख करायची, दाबून पुन्हा मापात आणायची, बुडात ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, दारू मोजून भरायची, तोंडात गोळी बसवायची. झालं काडतूस. विलो फोर्कमधले निम्मे पुरुष हेच करतात. एवढ्या मोठ्या हिवाळ्यात दुसरं करायला असतं काय? पण बाकीचे एका संध्याकाळी शंभर भरतात आणि पत्ते खेळायला जातात. डेलमर आधी पुंगळ्यांचं वजन करायचा. मग एकसारख्या वजनाच्या पुंगळ्या वेगळ्या काढायचा. मग त्यातल्या एकसारख्या उंचीच्या वेगळ्या काढायचा. शंभरातल्या अकरा उरायच्या, आणि त्या अकरांकडेही तो सासऱ्याने जावयाकडे बघावं तसा बघायचा.

या लोकांचा एक धर्म आहे: एका वेळी एकच बदल. दारू बदललीत तर गोळी तीच ठेवा. गोळी बदललीत तर दारूला हात लावू नका. दोन्ही एकदम बदलणारा माणूस आणि शेजाऱ्याची बायको पळवणारा माणूस, दोघांना ते एकाच पंगतीला बसवतात. प्रत्येक बदलाला पाच गोळ्या झाडायच्या, नळी गार होऊ द्यायची, कागदावरची पाच भोकं मोजायची, वहीत लिहायचं. डेलमरच्या अशा एकतीस वह्या होत्या. मुलांच्या जन्मतारखा तो विसरायचा, पण कुठल्या वर्षी कुठल्या रायफलीने कुठल्या वाऱ्यात कसा रुसवा धरला होता हे त्याला तोंडपाठ असे.

तर हे असं त्रेचाळीस वर्षं चाललं. आणि मग जूनमध्ये आर्डिसच्या नावाने पत्र आलं.

मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला काका. घोड्याहून उंच, तोंड लांबुडकं, चेहऱ्यावर कायम कुणीतरी उसने नेलेले पैसे परत न केल्याचा भाव. त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागतो. आर्डिस बावीस वर्षं अर्ज भरत होती. ती नऊ वर्षांची असताना तिच्या बापाने, पामरने, क्रो क्रीक ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झुडपांत एक मूस मारला होता. काळीज पिठाच्या पिशवीत घालून ते तिने घरापर्यंत वाहून आणलं होतं. 'मोठी झालीस की पुढचा तुझा,' असं बाप म्हणाला होता. ती मोठी झाली, म्हातारीही झाली. पुढचा काही आला नाही.

आता पत्र आलं, पण खांदा गेला होता. उजव्या खांद्याच्या वाटीत काही उरलंच नव्हतं, हाडावर हाड घासत होतं. डॉक्टर जूनमध्येच तो कापून धातूचा बसवणार होते. आर्डिसने तारीख जानेवारीवर ढकलली.

"एकदा नवा सांधा बसला की बंदुकीचा दणका त्याला चालायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कधीच."

"म्हणूनच जानेवारी," आर्डिस म्हणाली.

म्हणजे एकच हंगाम. पंधरा सप्टेंबर ते नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. परवाना एकदा लागला की पुढची सात वर्षं अर्जही करता येत नाही, आणि आर्डिस एकोणसत्तर वर्षांची होती.

डेलमरने हे सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बंदूक मी बघतो." आर्डिसने कॅलेंडरवरचे आठवडे मोजले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोंगडी अंथरून त्याने घरातल्या अकराही रायफली मांडल्या. स्थळं बघायला बसावं तसा तो बसला. ही देखणी, पण दणका गाढवासारखा. ही शांत, पण वजनाने जड, बाईने खांद्यावर घेऊन चढण चढायची कशी? ही हलकी, सुस्वभावी, पण मुसासमोर तिचा आवाजही निघायचा नाही. दुपारी सुरू झालेला हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम जेवणाच्या वेळेपर्यंत चालला, आणि तोवर आर्डिसने बटाट्यांची कढई मांडीवर धरून ठेवली होती, कारण टेबल नवऱ्यामुलींनी अडवलं होतं.

"डेल," ती म्हणाली, "बाबांची कार्बाइन आहे ना. मी बाराव्या वर्षापासून तीच वापरतेय. तिचा दणका मला माहीत आहे, माझा खांदा तिला माहीत आहे."

पामरची कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, लिव्हर खाली ओढून परत घेतली की काडतूस आत सरकणारी, काळीसावळी, झिजलेली वस्तू. नळीच्या पोटाखाली आणखी एक बारीक नळी. तिच्यात सहा काडतुसं एकामागे एक झोपतात. आर्डिस ती उचलते तेव्हा झाडू उचलल्यासारखी उचलते.

डेलमरने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण हिच्यावर काम करावं लागेल."

काम जुलैभर चाललं. चाप आतून घोटून असा मऊ केला की श्वासाने सुटेल अशी आर्डिसला भीती वाटू लागली. मग तेवढा मऊ नको म्हणून पुन्हा थोडा कडक केला. दस्ता अर्धा इंच कापला, मागे रबराची गादी लावली. मग गादीने दस्ता लांब झाला म्हणून आणखी कापला. नेम धरायची मागची माशी काढून तिथे भोकाची माशी बसवली, कारण आर्डिसच्या डोळ्यांना आता दोन गोष्टी एकदम स्वच्छ दिसत नव्हत्या. हे सगळं, खरं सांगायचं तर, छान झालं. आर्डिसने कार्बाइन खांद्याला लावली तेव्हा दुखलं नाही. ती तसं म्हणालीही. त्यावर थांबायला हवं होतं.

पण ऑगस्टात काडतूस सुरू झालं.

दणका हलका हवा, म्हणून दारू बेताची. दारू बेताची, तर गोळी योग्य ती. त्या पोटनळीत एका काडतुसाचं नाक दुसऱ्याच्या टिकलीला टेकतं, टोकदार असलं तर ती फुटायची, म्हणून चपट्या नाकाचीच. या बाबतीत डेलमर पाद्रीबुवांहून सोवळा होता. रोज संध्याकाळी तो गावाबाहेरच्या खडकाळ घळीत जायचा. लाकडी मेज, त्यावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर कार्बाइन. एक काडतूस हाताने आत ठेवायचं, झाडायचं. दुसरं हाताने ठेवायचं, झाडायचं. पाच झाली की आर्डिसने कागद आणायचा. भोकं मोजायला तिच्या जुन्या स्वेटरचं बटण होतं. बटणाखाली पाचही झाकली गेली तर पास.

"चार झाकली," ती सांगायची.

"पाचवं?"

"पाचवं जरा शेजारी गेलंय. गप्पा मारायला."

"किती शेजारी?"

"डेल, मुसाची छाती आपल्या दाराएवढी असते. बटणाएवढा मूस मी आजवर पाहिलेला नाही."

"छाती कितीही असू दे. पाचवं का गेलं?"

या प्रश्नाच्या मागे ऑगस्ट संपला आणि सप्टेंबर लागला. पंधरा तारखेला हंगाम उघडला. आर्डिसने शिकारीचं नारिंगी जाकीट काढून खुंटीवर तयार ठेवलं, थर्मास धुतला. डेलमर म्हणाला, "अजून एक आठवडा." पुढच्या आठवड्यात त्याने टिकल्या बदलल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात पहिल्याच बऱ्या होत्या असं ठरलं. पुंगळ्या घासायचं पिंप कपडे धुण्याच्या खोलीत रात्रंदिवस घरघरत होतं. त्यातला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आर्डिसच्या उशांच्या अभ्र्यांत सापडू लागला. सकाळी उठल्यावर खांदा दुखायचा, रात्री झोपताना खांदा दुखायचा, आणि मधल्या वेळात ती कागदाला बटण लावत बसायची. भांडायलाही जोर लागतो. तेवढा तिच्याकडे उरला नव्हता.

शेजारचा रॉली हॉगन कुंपणावरून चौकशी करायचा. रॉलीची रायफल त्याच्या गाडीत सीटमागे असते, तिच्यावर कुत्रं झोपतं. काडतुसं तो हार्डवेअरच्या दुकानातून, खिळे आणि कोंबड्यांचं खाद्य यांच्याबरोबर आणतो. दरवर्षी त्याला हरीण मिळतं. डेलमरच्या मते तो योगायोग आहे, आणि बत्तीस वर्षं चालू आहे.

"काय आर्डिस, मूस मेला का म्हातारा होऊन?"

"अजून नाही. पण डेलमर त्याला संधी देतोय."

"डेलमर!" रॉली खोलीच्या खिडकीकडे तोंड करून ओरडला. "बायकोला मूस मारायचाय रे, माशीच्या डोळ्यात दोरा घालायचा नाही!"

आतून उत्तर आलं, "तुझ्या बंदुकीतून गेल्या वर्षी काय निघालं ते मी पाहिलंय रॉली. उंदराचं घरटं!"

"पण हरणाला लागलं ना ते?"

आत दार लागल्याचा आवाज झाला.

ऑक्टोबरात डेलमरने शेवटचा बदल केला. बाकी सगळं तसंच ठेवून त्याने गोळी पुंगळीत किंचित कमी खोल बसवली. नखाच्या जाडीएवढी बाहेर. म्हणजे झाडायच्या आधीच ती नळीच्या आतल्या पीळदार आट्यांच्या जवळ जाऊन बसेल आणि सरळ वाटेला लागेल. बावीस ऑक्टोबरला आर्डिसने बटण लावलं. पाचही भोकं झाकली गेली. तिने बटण उचलून पुन्हा लावलं. झाकलेलीच होती. ती कागद घेऊन मेजाशी आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

डेलमरने कागद पाहिला. मग तो खाली, बर्फाने ओल्या झालेल्या खडकावर बसला. "झालं," तो म्हणाला. त्याचे हात थरथरत होते. तेव्हा आर्डिसला पहिल्यांदाच नीट दिसलं की हे हात गेली दोन-तीन वर्षं थरथरतायत, आणि कदाचित म्हणूनच टिकली चिमटीत धरायला त्याला इतका वेळ लागतो. ती त्याच्याशेजारी बसली. थर्मासमधली कॉफी कोमट होती. दोघांनी एकाच कपातून प्यायली.

वीस काडतुसं भरून, नीट पुसून, पेटीत लावायला नोव्हेंबर उजाडला. पहिल्या शनिवारी पहाटे ते क्रो क्रीकला गेले. वाळुंजांवर हिव पडलं होतं. आर्डिसने कार्बाइनच्या पोटनळीत तीन काडतुसं सरकवली. वरच्या, मुख्य नळीत काडतूस आधीच घालून चालायचं नाही, हा डेलमरचा कडक नियम, आणि नियम चांगलाच आहे. जनावर दिसलं की लिव्हर ओढायची. दोघं ओढ्याच्या काठाने हळूहळू निघाले. तिचा खांदा आणि त्याचे गुडघे, त्यामुळे दर पन्नास पावलांवर विसावा.

तिसऱ्या विसाव्याला वाळुंजांतून मूस बाहेर आला.

तो साठ पावलांवर होता. शिंगं फावड्यांसारखी. त्याने दोघांकडे पाहिलं, ही माणसं आपल्या कामाची नाहीत असं ठरवलं, आणि डहाळी ओरबाडून खायला लागला. छाती समोर, आडवी, दाराएवढी.

आर्डिसने कार्बाइन उचलली. लिव्हर खाली ओढली. परत घेतली. ती अर्ध्यावर थांबली. तिने पुन्हा ओढली. आता ती खालीही जाईना आणि वरही येईना.

"डेल."

"मार."

"अडकली."

"काय अडकली?"

"बंदूक, डेल! आणखी काय अडकणार?"

डेलमर गुडघ्यांवर बसला आणि त्याने आत डोकावून पाहिलं. पोटनळीतून निघालेलं काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर अर्धवट चढलं होतं आणि नाकाने पुढे टेकून घट्ट बसलं होतं. नखाच्या जाडीएवढं लांब झालेलं ते काडतूस वर यायला जागाच नव्हती. तीन महिने, मेजावर, त्याने प्रत्येक काडतूस हाताने एकेक करून वरून नळीत ठेवलं होतं. पोटनळीतून एकही कधी चालवून पाहिलं नव्हतं. रॉलीने पहिल्याच दिवशी चालवलं असतं. रॉलीला दुसरं काही येत नाही.

"जोर लावू नको," तो कुजबुजला. "पट्टी वाकेल."

"मूस उभा आहे."

"दिसतोय मला. एक स्क्रू काढला की सुटेल."

त्याने खिशातून लहान पेचकस काढला. मुसाने दुसरी डहाळी घेतली. डेलमरचे हात थरथरत होते, पेचकस स्क्रूच्या खाचेत बसत नव्हता. आर्डिसने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. खांद्यातून कळ गेली, तरी धरून राहिली. स्क्रू सुटला आणि बर्फात पडला. दोघं बर्फात बोटं खुपसून शोधू लागले. मुसाने मान वर करून पाहिलं. अशी शिकार त्यानेही कधी पाहिली नसावी. मग पोट भरल्यामुळे, घाबरून मुळीच नाही, तो वळला आणि वाळुंजांत निघून गेला. बराच वेळ त्याच्या पायांखाली डहाळ्या मोडल्याचं ऐकू येत होतं.

स्क्रू सापडला. तोवर त्याची गरज उरली नव्हती.

परतताना गाडीत डेलमर म्हणाला, "एकच बदल करायचाय. गोळी पुन्हा आत बसवायची. भोकं थोडी पसरतील, मग दारू जराशी..."

"डेल," आर्डिस खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी दमले रे."

ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर त्याने दोन शब्द परत केले असते. तो गाडी चालवत राहिला, आणि गावात शिरल्यावर घराकडे न वळता हार्डवेअरच्या दुकानासमोर थांबला. आत गेला. बाहेर आला तेव्हा जाकिटाच्या आत काहीतरी दडवलेलं होतं. गाडीत बसून त्याने काडतुसांचा छापील खोका तिच्या मांडीवर ठेवला. दुकानातला. भडक हिरवा. चर्चमधल्या कुणी आपल्याला पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने आरशात मागे पाहिलं.

"चालवून बघ," तो म्हणाला. "पोटनळीतून."

अंगणातच तिने चालवून पाहिली. लिव्हर खाली, वर, खाली, वर. काडतुसं एकामागे एक अशी निघाली की जणू रांगेत उभं राहून कंटाळलीच होती. कुंपणापलीकडे रॉली उभा होता. त्याच्या तोंडाशी काहीतरी आलेलं दिसत होतं. आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "थंडी वाढली, नाही?" आणि आत गेला.

पुढचे तीन शनिवार-रविवार ते क्रो क्रीकला गेले. डेलमर सगळ्या वाटांनी पुढे चालायचा, बर्फ तुडवून तिच्यासाठी पायवाट करायचा. काडतुसाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. माग दिसले, ताजी लेंडीही दिसली. एकदा दूरवर पाठ दिसली, पण ती रॉलीच्या मेव्हण्याची गाय निघाली. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी हंगाम संपत होता. सूर्य मावळल्यावर अर्धा तास कायदा सवलत देतो. तो अर्धा तासही दोघं वाळुंजांसमोर बसून राहिले. वारा सुटला होता.

"मी मेजावरच एकदा चालवून बघायला हवी होती," डेलमर म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

"हो," आर्डिस म्हणाली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू ते केलं असशीलच. तू सगळंच करतोस."

अर्धा तास संपला. तिने काडतुसं काढून खिशात टाकली. त्याने कार्बाइन घेतली आणि दुसऱ्या हाताने तिला, चांगल्या खांद्याच्या बाजूने, उठवलं.

मूस मिळाला नाही. नऊ जानेवारीला आर्डिसचं ऑपरेशन झालं, आणि त्या हिवाळ्यात त्यांनी रॉलीकडून घेतलेलं अर्धं डुक्कर खाल्लं.